सबसिडीच्या आधी कर्ज वाचा: ग्रामीण विदर्भातील महिला आणि अल्पसंख्याक उद्योजकांनी या चुका टाळाव्यात

"ताई, सबसिडी कई भेटन वो?" तालुक्याच्या ठिकाणी बचत गटांच्या कर्जप्रकरणांची कागदपत्रे जुळवून देण्याचे काम करताना हा प्रश्न मला दिवसातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. बहुतेक वेळा विचारणाऱ्या बाईचा तोवर व्यवसाय ठरलेला नसतो, जागा ठरलेली नसते आणि कोणत्या बँकेत जायचे हेही ठरलेले नसते. शासनाकडून रक्कम हातात पडेल आणि मग त्या रकमेतून धंदा उभा करता येईल, ही समजूत सर्वांत महागात पडते. महिलांसाठी आणि अल्पसंख्याकांसाठी म्हणून ज्या योजना गावात सांगितल्या जातात, त्यांपैकी बहुतेकांत अनुदान कर्जाच्या शेपटाला बांधलेले असते आणि बँकेने कर्ज नाकारले की तेही गेले. काही योजनांत तर ते मुळातच नाही. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते, पण केंद्राच्या या योजनेत एक रुपयाचीही सबसिडी नाही, हे अर्ज भरून झाल्यावर कळणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्या आहेत.

अनुदान हाती येत नाही, खाती येते

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. २००८ पासून चालू असलेल्या या योजनेचे अर्ज आपल्याकडे जिल्हा उद्योग केंद्र, खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि खादी व ग्रामोद्योग आयोग यांच्यामार्फत जातात. उत्पादनाच्या उद्योगाला ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंत प्रकल्पखर्च मान्य होतो. ग्रामीण भागातील महिलेने ६ लाखांचा प्रकल्प मांडला, तर तिने स्वतःचे ५ टक्के म्हणजे ३० हजार रुपये घालायचे असतात आणि बँक ५ लाख ७० हजारांचे कर्ज देते. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के म्हणजे २ लाख १० हजार रुपये अनुदान बँकेत येते, पण ते तीन वर्षे स्वतंत्र मुदत ठेवीत अडकून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी उद्योग चालू असल्याची प्रत्यक्ष पाहणी झाली की ती रक्कम कर्जात वळती होते. दरम्यान उद्योग बंद पडला किंवा खाते थकीत गेले, तर अनुदान परत जाते आणि कर्ज मात्र पूर्ण उरते.

त्यामुळे 'सबसिडीतून मशीन घेऊ आणि कर्जातून घर दुरुस्त करू' असा बेत जिथे जिथे केला गेला, तिथे दुसऱ्या वर्षीच खाते थकले. जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरली जात नाही, हेही आधीच लक्षात ठेवावे. शिक्षणाची अट मात्र लोकांना वाटते तितकी कडक नाही. उत्पादन उद्योगाचा प्रकल्प १० लाखांच्या आणि सेवा उद्योगाचा ५ लाखांच्या वर असेल तरच आठवी उत्तीर्ण असावे लागते, तरीही चौथी शिकलेल्या बाईला 'तुमचे होत नाही' म्हणून दारातूनच परत पाठवणारे लोक भेटतात.

गाव की नगर पंचायत

याच योजनेत विशेष प्रवर्गाला, ज्यात महिला आणि अल्पसंख्याकही येतात, ग्रामीण भागात ३५ टक्के आणि शहरी भागात २५ टक्के अनुदान आहे. विदर्भातील अनेक तालुक्यांची मुख्य गावे गेल्या दहा-बारा वर्षांत नगर पंचायती झाली, म्हणजे योजनेच्या हिशेबात शहरी ठरली, पण बोलण्यात ती अजून 'गाव'च आहेत. आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत जागा असताना केवळ बाजार जवळ पडतो म्हणून तालुक्याच्या चौकात गाळा भाड्याने घेतला, तर १० लाखांच्या प्रकल्पामागे १ लाखाचे अनुदान कमी होते. गाळ्याच्या गिऱ्हाइकीतून ते भरून निघत असेल तर खुशाल घ्यावा, परंतु हा हिशेब भाडेकरार करण्याआधी मांडायचा असतो. ग्रामीण क्षेत्राचा दाखला अर्जासोबत लागतोच.

एका डोक्यावर दोन टोप्या

मुस्लिम महिला उद्योजिकेला महिला म्हणून ३५ टक्के आणि अल्पसंख्याक म्हणून आणखी ३५ टक्के मिळतील, असे एका गावात कोणीतरी छातीठोकपणे सांगून गेले होते. तसे काही नसते. प्रवर्ग एकदाच मोजला जातो. यातली चांगली बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाही. महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक हे सगळेच त्या विशेष प्रवर्गात येत असल्याने अल्पसंख्याक समाजातील पुरुषालाही हाच दर लागू होतो, आणि त्यासाठी 'अल्पसंख्याक' हा शब्द योजनेच्या नावात असण्याची गरज नसते. नावात तो शब्द असलेल्या योजनेचीच वाट पाहत दोन-दोन वर्षे घालवणे ही आमच्या भागातली नेहमीची चूक आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले आणि महाराष्ट्रात त्याचे कर्ज मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत मिळते. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन आणि पारशी या सर्वांसाठी ते आहे. तिथे उत्पन्नाची मर्यादा असते, बहुधा जामीनदार मागतात आणि निधी असेल तेव्हाच प्रकरणे पुढे सरकतात. तिथे अर्ज जरूर करावा, पण त्या एकाच खुंटीला सगळे टांगून ठेवू नये.

बौद्ध कुटुंबांचा घोळ वेगळाच असतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, त्यामुळे त्यांना अल्पसंख्याक महामंडळाबरोबरच महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचेही दार उघडे आहे. दोन्हीकडे एकाच धंद्याचे अर्ज टाकून ठेवले, तर चौकशीत दोन्ही अडकतात. ज्या कार्यालयाचे दाखले आपल्याकडे आधीच तयार आहेत, तिथेच जावे, असे मी सांगते.

छोटा लाभ आधी घेऊन मोठ्याचे दार आपणच लावून घेण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपी, सुतार, लोहार, कुंभार अशा १८ पारंपरिक व्यवसायांना अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांचे कर्ज आहे. मात्र गेल्या पाच वर्षांत स्वयंरोजगारासाठी अशाच शासकीय योजनेतून कर्ज घेतलेले नसावे, अशी तिची अट आहे. मुद्राचे कर्ज पूर्ण फेडले असेल तर चालते, म्हणून शेवटचे दोन-तीन हप्ते राहिलेल्या बाईने आधी ते भरून 'नो ड्यूज', म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, घ्यावे आणि मग अर्ज करावा.

नावात काय आहे, ते बँकेला विचारावे

माझ्या टेबलावर येणाऱ्या दहा फाइलींपैकी चार-पाच तरी केवळ नावामुळे अडतात. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, आधारवर नवऱ्याचे, पॅनवर मधले नावच नाही आणि पासबुकात 'शोभा'ची 'शोभाबाई' झालेली, असा एकाच बाईचा चार बायकांचा संसार कागदावर मांडलेला असतो. मुस्लिम कुटुंबांत 'शेख' हे नाव कधी आधी, कधी शेवटी लिहिलेले असते आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचे सापडते. ऑनलाइन अर्ज आधार आणि पॅनवरची माहिती ताडून पाहतो, त्यामुळे 'साहेब ओळखीचे आहेत, चालवून घेतील' हा भरवसा तिथे कामाचा नाही. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र घेऊन आधी आधार, मग पॅन, मग बँक खाते आणि शेवटी उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी), या क्रमानेच दुरुस्ती करावी. क्रम उलटा झाला की तेच काम दोनदा करावे लागते.

जागेचा कागद ही याच्या पुढची अडचण. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील एका गटातील ताईंना हळद-मिरचीचे कांडप यंत्र घ्यायचे होते. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याने परिसरात मालाला तोटा नव्हता आणि त्यांचा हिशेबही पक्का होता. पण ज्या खोलीत यंत्र बसणार होते तिचा ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घर-जागेच्या नोंदीचा उतारा, काढला, तेव्हा त्यावर नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांचे नाव निघाले. वारसांची नोंद, दोन दिरांचे संमतीपत्र आणि नवऱ्याने बायकोला दिलेला जागा वापराचा करारनामा, एवढ्यात साडेतीन महिने गेले. फाइल बँकेत नेण्यापूर्वी नमुना ८ आणि घरकराची पावती एकदा डोळ्यांखालून घातली असती, तर हे महिने वाचले असते, आणि ही चूक त्यांच्याइतकीच माझीही होती.

जुनी छोटी कर्जे

दर आठवड्याला गावात येऊन हप्ता गोळा करणाऱ्या कंपन्यांची कर्जे बायका 'कर्ज' म्हणून धरतच नाहीत. बँकेच्या अर्जात 'इतर कर्ज : नाही' असे लिहितात आणि शाखेत त्यांच्या कर्जांचा अहवाल निघतो तेव्हा तीन कंपन्यांची खाती आणि त्यातले एक थकीत, असे चित्र समोर येते. रक्कम लपवली हे थकबाकीपेक्षा जास्त खटकते. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो अर्जाच्या तीन-चार महिने आधी काढावा. फेडलेले कर्ज अजून चालू दिसत असेल, तर संबंधित कंपनीचे 'नो ड्यूज' जोडून दुरुस्ती मागता येते. जावेच्या किंवा शेजारणीच्या कर्जाला जामीन राहिलेली सही विसरली जाते, पण अहवालात तीही सापडते. नवऱ्याचे पीककर्ज माफीच्या आशेने थकवून ठेवलेले असेल, तर बँक अधिकारी ते तोंडी का होईना विचारतोच, म्हणून त्याचे खरे उत्तर तयार ठेवावे.

बारा महिन्यांची सारखी कमाई

संगणक केंद्रावर पाचशे-हजार रुपयांत तयार मिळणाऱ्या प्रकल्प अहवालात दर महिन्याची विक्री सारखी लिहिलेली असते. विदर्भातल्या गावात असे कुठे घडते? कापूस-सोयाबीन घरात आले की हातात पैसा खेळतो आणि मृगापासून पोळ्यापर्यंत तो सगळा शेतात गाडलेला असतो. हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, उकळून वाळवून कांडपाला येईपर्यंत उन्हाळा लागतो आणि पापड, कुरडया, सरगुंड्यांची कामेही त्याच तीन महिन्यांत उरकली जातात. अशा धंद्याला जूनमध्ये कर्ज मिळून सहा महिन्यांची हप्तेसवलत लागली, तर ती सगळी सवलत रिकाम्या दिवसांत संपते आणि पहिला हप्ता डिसेंबरात, म्हणजे कमाईच्या आधीच दारात उभा राहतो. म्हणून अर्ज पावसाळ्यात करावा, कागदांना लागणारे महिने त्यात धरावेत आणि पैसे डिसेंबर-जानेवारीत उचलण्याची विनंती करावी.

कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचेच घ्यावे आणि त्यात यंत्र बसवण्याचा खर्च दाखवायला सांगावे. यंत्र थ्री फेजवर चालणार असेल, तर महावितरणची डिमांड (जोडणीसाठी भरायची रक्कम) किती येईल आणि गावठाणाच्या वाहिनीवर तेवढा भार मिळेल का, हे कोटेशनच्या आधी विचारावे. घरगुती मीटरवर कांडप यंत्र चालवून दंड भरलेली उदाहरणे जवळपास प्रत्येक गावात आहेत.

दलाल, संदेश आणि शिक्के

उद्यम नोंदणी निःशुल्क आहे आणि आधार क्रमांकावर होते, तिच्यासाठी दोन हजार मागणारे संकेतस्थळ शासनाचे नसते. 'मोफत शिलाई मशीन' असा व्हॉट्सॲप संदेश आला तर त्यातल्या दुव्यावर आधार क्रमांक टाकू नये. अन्नप्रक्रिया उद्योगाच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख अनुदान असून प्रस्ताव करून देण्यासाठी नेमलेल्या जिल्हा संसाधन व्यक्तीचे मानधन शासन देते, तरी त्याच कामासाठी दलालाला टक्केवारी दिली जाते, याचे मला आश्चर्य वाटणे आता बंद झाले आहे. प्रशिक्षणासाठीही पैसे लागत नाहीत. जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहण्या-जेवणासह ते मोफत होते.

नकार आला तर

तोंडी नकार हा नकार समजू नये. "तारण आणा" असे सांगितले गेले, तर लहान उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश असल्याचे नम्रपणे सांगावे आणि अर्जाची पोच व नकाराचे कारण लेखी मागावे. ते कारण घेऊन जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे जावे. योजनेत कर्जे देण्याचे उद्दिष्ट शिल्लक आहे की संपले, हे तिथेच खरे कळते. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. मात्र कर्ज द्यावे की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय लोकपाल बदलत नाही, दिरंगाई, पोच न देणे किंवा नियमबाह्य तारण मागणे अशाच बाबींत त्या तक्रारीचा उपयोग होतो. कारण 'प्रकल्प व्यवहार्य नाही' असे असेल, तर भांडण्यात वेळ न घालवता अहवालातील महिनावार विक्री खरी करून आणि दोन कायम गिऱ्हाइकांची मागणीपत्रे जोडून त्याच शाखेत पुन्हा अर्ज द्यावा. समुद्रपूरच्या ताईंनी दुसऱ्या खेपेला मागणीपत्रांसोबत तीन वर्षे हाताने लिहिलेली कांडपाची वहीच अधिकाऱ्यापुढे ठेवली होती. प्रकरण त्या जानेवारीत मंजूर झाले.