ग्रोथ हार्मोन सुरू आहे? मुलाच्या पाठीबाबत या चुका टाळा

ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली की घरातल्या सगळ्यांचं लक्ष उंचीवर. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा वाढतात, आजी-आजोबांनाही सेंटिमीटर तोंडपाठ होतात. पाठ मात्र कुणी बघत नाही, आणि सर्वांत महागात पडते ती हीच चूक.

हार्मोनमुळे सरळ कणा वाकडा होतो असं नाही. पण आधीपासून असलेला, नजरेतून सुटलेला बाक उंची भरभर वाढताना वाढू शकतो. टर्नर आणि प्रेडर-विली सिंड्रोम हे जन्मतःच असणारे आजार असलेल्या मुलांना हे हार्मोन दिलं जातं, आणि त्यांच्यात स्कोलिओसिस, म्हणजे कण्याचा बाजूला गेलेला बाक, मुळातच जास्त आढळतो. म्हणून पहिल्या इंजेक्शनआधीच पाठ तपासून फायलीत नोंद करून घ्या. पुढे बाक दिसला तर तो जुना की नवा, हे त्या नोंदीवरूनच ठरतं.

शर्टावरून बघून ‘सरळच आहे की’ म्हणू नका. पाठ उघडी हवी. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात एकमेकांना लावून मुलाला हळूहळू पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूच्या बरगड्या किंवा कमरेचा भाग वर उचललेला दिसला तर डॉक्टरांना दाखवा. स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला झुकतो तसा स्वतःभोवती पिळलाही जातो, म्हणून हा उंचवटा येतो. उभं असताना खांदे, फरे (खांद्यांमागची चपटी हाडं) आणि हात व कमर यांमधली फट दोन्हीकडे सारखी आहे का, तेही बघा. वयात येणाऱ्या मुलीची पाठ आईने बघावी, तिला संकोच वाटणार नाही अशी. दुखत नाही म्हणजे बाक नाही, हा समज तर सोडूनच द्या. बहुतेक मुलांना काहीच दुखत नाही. प्रेडर-विलीमध्ये चरबीमुळे बाक झाकला जातो, तिथे नुसत्या नजरेवर विसंबू नका, एक्स-रेबद्दल विचारा.

बाक कळला की घाबरून इंजेक्शन परस्पर बंद करणारे पालक असतात. औषध बंद होईल या भीतीने डॉक्टरांपासून बाक लपवणारेही असतात. कृपा करून दोन्ही करू नका. प्रेडर-विलीच्या मुलांना या हार्मोनमुळे उंचीबरोबर स्नायूंची ताकदही मिळते, आणि त्यांच्यातल्या नियंत्रित अभ्यासात हार्मोनमुळे स्कोलिओसिस वाढल्याचं दिसलेलं नाही. थांबायचं की चालू ठेवायचं, हे हार्मोनचे आणि हाडांचे डॉक्टर मिळून ठरवतील.

एक्स-रे उभं राहून, पूर्ण कण्याचा हवा. बाक किती, हे एक्स-रेवर कोन काढून अंशांत मोजतात, त्याला कॉब कोन म्हणतात. 10 अंशांपासून पुढे स्कोलिओसिस म्हणतात. मोजण्यातच सुमारे 5 अंशांचा फरक पडू शकतो, त्यामुळे 12 चे 14 झाले म्हणून झोप उडवून घेऊ नका. जुन्या फिल्म मात्र दर वेळी सोबत न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

वाढत्या वयात बाक साधारण 25 ते 40 अंशांचा असेल तर ब्रेस, म्हणजे बाक वाढू नये म्हणून धडाभोवती घालायचा कडक पट्टा, देतात. तो ‘शाळेतून आल्यावर थोडा वेळ’ घालून भागत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या किशोरवयीन मुलांवरच्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रेस घालणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्याच्या आत राहिला. ब्रेस नसलेल्यांमध्ये हे प्रमाण 48 टक्के होतं. दिवसाला जितके जास्त तास, तितका जास्त फायदा. हार्मोनमुळे मूल झपाट्याने वाढत असेल तर ब्रेसही लवकर तोकडा पडतो, फिटिंग वरचेवर तपासून घ्या. मालिश आणि बारला लटकणं यांनी बाक सरळ होत नाही, आणि दप्तराच्या ओझ्यामुळे तो येतही नाही.

मूल लंगडू लागलं, किंवा मांडी-गुडघा दुखतो म्हणालं, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका. खुब्याच्या हाडाचं टोक जागेवरून सरकण्याचा धोका हार्मोन चालू असताना लक्षात ठेवावाच लागतो, आणि ते दुखणं पुष्कळदा गुडघ्यातच जाणवतं. अशा वेळी, तसंच सतत डोकं दुखून उलट्या होत असतील किंवा अंधुक दिसत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.