‘ऑन द टाउन’ कसा बघावा : तीन नौसैनिक, एक दिवस आणि तीन आगाऊ पोरी

जुना हॉलिवूड संगीतपट लावला की घरातलं निम्मं पब्लिक मोबाइल हातात घेतं. मधेच गाणं, मधेच नाच, आणि गोष्ट म्हणावी तर दोन वाक्यांत संपणारी. ‘ऑन द टाउन’ची तर एकाच वाक्यात बसते : अमेरिकन नौदलातल्या तीन पोरांना न्यूयॉर्कमध्ये चोवीस तासांची सुट्टी मिळते आणि तेवढ्यात त्यांना शहरही बघायचंय, पोरीही गटवायच्यात. १९४९ साली एमजीएम स्टुडिओने काढलेला हा ९८ मिनिटांचा रंगीत सिनेमा जीन केली आणि स्टॅन्ली डोनन यांनी मिळून दिग्दर्शित केला. डोनन तेव्हा जेमतेम पंचविशीचा, आणि दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिलाच सिनेमा. गोष्टीच्या मागे लागलात तर हाती फार लागणार नाही. घड्याळ, पाय आणि त्या तीन पोरी, यांच्यावर नजर ठेवलीत तर मात्र दीड तास कसा गेला कळणार नाही. म्हणून कशाकडे कधी बघायचं, ते क्रमाने सांगते.

१. आधी टीव्हीची सेटिंग

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण ते टाळू नका. सिनेमा जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालाय, आपले टीव्ही आडवे. त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसणारच. ते घालवायला म्हणून घरातलं कुणीतरी रिमोटवरचं ‘झूम’ दाबतं, आणि वरची डोकी व खालचे पाय कापले जातात. नाचाच्या सिनेमात पायच गेले तर उरलं काय? पट्टे राहू द्या.

नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, ती बंद करा. चालू असली तर जुना सिनेमा काल शूट केलेल्या मालिकेसारखा दिसतो. इंग्रजी चांगलं येत असलं तरी सबटायटल्स लावा. बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन या लेखक-जोडीची यमकं भराभर येतात आणि गर्दीत हरवतात. शोधताना नावाबरोबर १९४९ हे सालही टाका, नाहीतर याच नावाच्या नाटकाची रेकॉर्डिंग्ज समोर येतात. आणि गाण्यांचे सुटे तुकडे आधी बघून टाकू नका.

२. पहिल्या दहा मिनिटांत चहा करायला उठू नका

सकाळचे सहा. ब्रुकलिनच्या नौदलाच्या गोदीत एक कामगार कामावर येतोय. अजून अंथरुणातून उठल्यासारखं वाटत नाही, असं काहीसं तो जड, संथ आवाजात गातोय. सिनेमा इतका आळसावून सुरू होतो की आपल्यालाही जांभई यावी. मग भोंगा वाजतो आणि पांढऱ्या गणवेशातल्या पोरांचा लोंढा जहाजावरून खाली धावत सुटतो. त्यात आपले तिघं : गेबी म्हणजे जीन केली, चिप म्हणजे फ्रँक सिनात्रा आणि ओझी म्हणजे ज्युल्स मनशिन.

पुढच्या गाण्यात ते शहरभर फिरतात. गाणं एकच, सलग, पण जागा मात्र ओळीगणिक बदलते : ब्रुकलिन ब्रिज, चायनाटाउन, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, सेंट्रल पार्क, रॉकफेलर सेंटर. आज हे काहीच वाटत नाही, रील करणारी मुलंही करतात. पण त्या काळात संगीतपट म्हणजे सगळं स्टुडिओच्या चार भिंतींत. न्यूयॉर्कसुद्धा कॅलिफोर्नियातच उभं करायचे. केली-डोनन यांनी खऱ्या रस्त्यांवर जाण्याचा हट्ट धरला आणि स्टुडिओने त्यांना मोजकेच दिवस दिले. मोठी अडचण होती सिनात्राची, तो तेव्हाचा लाडका गायक. तो दिसला की पोरींची झुंबड उडायची, त्यामुळे काही ठिकाणी कॅमेरा गाडीत लपवून शॉट घेतले. गाण्याचा शेवट रॉकफेलर सेंटरच्या खोलगट चौकात होतो. तिथे पॉज करा आणि चौकटीच्या वरच्या कडेला बघा. कठड्याला टेकून माणसांची रांगच्या रांग खाली बघत उभी आहे. ती सिनात्राला बघायला जमलेली खरीखुरी बघ्यांची गर्दी आहे.

हे गाणं संपलं की उरलेला सिनेमा बहुतांशी सेटवरचा आहे, आणि तो लपतही नाही. एम्पायर स्टेटची गच्चीसुद्धा सेटच. त्याबद्दल कुरकुर करू नका.

३. वेळ बघत राहा

अधूनमधून पडद्यावर, लोकलच्या इंडिकेटरवर अक्षरं सरकावीत तशी, किती वाजले ते सरकत जातं. हे नुसतं नटवणं नाही. सिनेमाची सगळी ओढ त्या वेळेत आहे : सकाळी सहाला सुरू, दुसऱ्या दिवशी सहाला जहाजावर हजर.

ही ओढ कुठून आली ते कळलं तर सिनेमा वेगळा दिसतो. एप्रिल १९४४ मध्ये जेरोम रॉबिन्सने ‘फॅन्सी फ्री’ नावाचा छोटा बॅले केला : तीन नौसैनिक, एक संध्याकाळ, एक बार. संगीत लेनर्ड बर्नस्टाइनचं. दोघेही तेव्हा २५ वर्षांचे. त्याचंच डिसेंबर १९४४ मध्ये ब्रॉडवेवर पूर्ण नाटक झालं. महायुद्ध चालू होतं. प्रेक्षागृहात खरेखुरे गणवेशातले तरुण बसलेले असायचे आणि सुट्टी संपली की जहाज कुठे जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. १९४९ पर्यंत युद्ध संपलं होतं, म्हणून सिनेमात ती भीती उरली नाही. घड्याळ मात्र राहिलं. नाटकातली हुरहुर सिनेमात गंमत होऊन आली. माझ्या मते यात थोडं हरवलंच, पण त्याबद्दल पुढे.

४. पोरांकडे कमी, पोरींकडे जास्त बघा

सिनेमाच्या जाहिराती खोडकर नौसैनिकांच्या. पण नीट बघितलंत तर खोडकर कोण आहे? चिपला पोरीबिरींत रस नाही, त्याला आजोबांच्या काळातलं गाइडबुक हातात धरून स्थळदर्शन करायचंय. ओझी बावळट. गेबी बिचारा सबवेमधल्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेतल्या, एका पोस्टरच्या प्रेमात पडलेला. खरी सूत्रं पोरींच्या हातात आहेत, आणि या सिनेमाची चव तिथेच आहे.

हिल्डी टॅक्सी चालवते. बेटी गॅरेटने ही भूमिका काय धमाल केलीय! चिप टॅक्सीत बसतो आणि एकेका स्थळाचं नाव घेतो. ती म्हणते, ते केव्हाच पाडलं, आणि त्यापेक्षा माझ्या घरी चल. तो पुढचं नाव घेतो, ती पुन्हा तेच. त्याच्या यादीतलं हिप्पोड्रोम नाट्यगृह खरोखरच १९३९ मध्ये पाडलेलं होतं. हे गाणं म्हणजे सरळसरळ भांडण आहे : एकाला शहर हवंय, दुसरीला तो हवाय. तेही १९४९ च्या हॉलिवूडमध्ये, जिथे काय दाखवायचं आणि काय नाही याची कडक नियमावली होती. पुरुषाने बाईला असं घरी चल म्हटलं असतं तर कात्री लागली असती. बाईने म्हटलं म्हणून ते विनोदात खपून गेलं असावं, असा माझा अंदाज.

आणि सिनात्रा! पोरी ज्याच्या आवाजावर बेशुद्ध पडायच्या, त्याला इथे पोरीला घाबरून सीटच्या कोपऱ्यात सरकणारा गडी केलाय. हा विनोद तेव्हाच्या प्रेक्षकाला न सांगता कळायचा, आपल्याला आठवून ठेवावा लागतो.

दुसरी क्लेअर, म्हणजे अ‍ॅन मिलर. ती मानववंशशास्त्राची अभ्यासक आहे. पुरुषांबद्दल डोकं थंड राहावं म्हणून तिने हा विषय घेतलाय, आणि तो उपाय अजिबात लागू पडलेला नाही. संग्रहालयात ओझी तिला आदिमानवाच्या पुतळ्यासारखा दिसतो आणि ती लगेच त्याची मापं घ्यायला लागते. पुढे डायनॉसोरच्या सांगाड्याचं जे होतं ते तुम्हीच बघा.

तिसरी आयव्ही, म्हणजे व्हेरा-एलन. गेबीच्या पोस्टरवरची ‘मिस टर्नस्टाइल्स’ ती हीच. न्यूयॉर्कच्या सबवेत १९४१ पासून ‘मिस सबवेज’ नावाची खरीच स्पर्धा होती, साध्यासुध्या नोकरदार मुलींचे फोटो डब्यांत लागायचे. तिचीच ही थट्टा. गेबीला वाटतं ही शहरातली केवढी मोठी आसामी! तो पोस्टर बघून जे स्वप्न रंगवतो, त्यात ती घरकामात दंगही आहे आणि पार्ट्यांतही, खेळाडूही आहे आणि नाजूकही. बायकांबद्दल पुरुषांच्या अपेक्षांची इतकी गोड टिंगल मी फार सिनेमांत बघितली नाही.

चौथीला विसरू नका. हिल्डीची रूममेट ल्यूसी, सतत सर्दीने शिंकणारी. अ‍ॅलिस पिअर्सने ती केलीय, आणि नाटकातल्या मूळ नटसंचातली सिनेमात आलेली ती एकटीच. तिच्या रूपावरचे विनोद आज बोचतात. पण गेबी तिला घरी सोडतो तो छोटा प्रसंग लक्ष देऊन बघा. त्यात केली पहिल्यांदा नट म्हणून दिसतो.

५. नाच बघताना कात्री मोजा

हल्ली नाचाच्या गाण्यात दर सेकंदाला कट असतो. इथे दोन कटांमध्ये किती वेळ जातो ते मोजायला लागा. ‘मेन स्ट्रीट’ या गाण्यात केली आणि व्हेरा-एलन तालमीच्या खोलीत साधेपणाने नाचतात. कॅमेरा त्यांना डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत ठेवतो आणि त्यांच्या मागे मागे जातो. चुकलं तर झाकायला जागाच नाही. मला सगळ्या सिनेमात हाच नाच सर्वांत आवडतो.

शेवटाकडे एक लांब, शब्दांशिवायचा बॅले आहे, गेबीच्या डोक्यात पुन्हा घडणारा तो दिवस. नवखा प्रेक्षक इथेच कंटाळतो. त्याला जागं ठेवायला एक खेळ सांगते : चेहरे नीट बघा. केली आणि व्हेरा-एलन तेच आहेत, पण बाकीचे चौघं बदललेत! सिनात्रा, मनशिन, गॅरेट आणि मिलर यांच्या जागी कसलेले बॅले नर्तक घातलेत. त्यांत कॅरल हेनी आहे, जी पुढे स्वतः नावाजलेली नृत्यदिग्दर्शक झाली. हे एकदा कळलं की बॅले संपेपर्यंत कुणी उठत नाही.

६. खटकणारं खटकू द्या

संग्रहालयातलं ‘प्रीहिस्टॉरिक मॅन’ हे गाणं अ‍ॅन मिलरच्या टॅपसाठी, म्हणजे बुटांनी ठेका धरणाऱ्या नाचासाठी, अफलातून आहे, आणि त्याच गाण्यात सगळी मंडळी जगभरातल्या आदिवासींचे ढोल-मुखवटे घेऊन जे चाळे करतात ते बघवत नाही. दोन्ही खरं आहे. मुलांबरोबर बघत असाल तर तिथे दोन शब्द बोला, गाणं पुढे ढकलू नका.

त्याहून बोचणारी गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. १९४४ च्या नाटकात आयव्हीची भूमिका सोनो ओसातो हिने केली होती, जपानी वडिलांची मुलगी. अमेरिका जपानशी लढत होती त्याच वर्षी! नाटकाच्या नर्तकांत काळे-गोरे एकत्र होते. पाच वर्षांनी सिनेमा आला तेव्हा मुख्य सहाही जण गोरे, आणि गर्दीही जवळजवळ तशीच. धाडस रंगमंचावरच राहिलं.

७. गाण्यांचा हिशेब

संगीत नाटकांवर वाढलेल्या आपल्या कानांना पद म्हणजे गोष्ट थांबण्याची जागा वाटते. वन्समोअर मिळाला की आणखीच थांबायचं. इथे उलटं आहे. टॅक्सीतलं गाणं वगळा, चिप आणि हिल्डीचं कसं जमलं हेच कळणार नाही. त्यामुळे ‘गाणं आलं, जरा दार बघून येते’ हे इथे चालत नाही.

बर्नस्टाइनची बरीचशी गाणी स्टुडिओने काढून टाकली आणि रॉजर ईडन्सकडून नवी, सोपी गाणी करून घेतली. गंमत म्हणजे संगीताचं ऑस्कर मिळालं ते ईडन्स आणि लेनी हेटन यांना. नवी गाणी वाईट नाहीत, पण गोदीतली सकाळ, न्यूयॉर्कचं गाणं आणि टॅक्सीतलं भांडण या मूळच्या जागांवर आल्यावर फरक लगेच ऐकू येतो. सिनेमा बघून झाल्यावर वगळलेल्यांपैकी ‘सम अदर टाइम’ शोधून ऐका. दिवस संपत आलाय आणि बोलायचं राहूनच गेलंय, असं ते गाणं. मघाशी हरवलं म्हटलं ते हेच.

८. पुढे काय लावावं

चटक लागली तर १९४५ चा ‘अँकर्स अवेइ’ आहे. पुन्हा केली आणि सिनात्रा, पुन्हा नौदलाची सुट्टी, या वेळी हॉलिवूडमध्ये. तो सव्वादोन तासांहून मोठा आहे आणि मध्ये रेंगाळतो, म्हणून दोन रात्रींत विभागून बघा. जेरी उंदरासोबतचा केलीचा प्रसिद्ध नाच त्यातलाच, घरातली मुलं तेवढ्यासाठी बसतील.

आणि खरं पुढचं पाऊल म्हणजे १९५५ चा ‘इट्स ऑलवेज फेअर वेदर’. कॉम्डेन आणि ग्रीन यांनी तो ‘ऑन द टाउन’चा पुढचा भाग म्हणूनच मनात धरला होता : तेच तिघं, दहा वर्षांनी भेटतात आणि एकमेकांशी काय बोलावं हे कुणालाच सुचत नाही. सिनात्रा आणि मनशिन मिळाले नाहीत, म्हणून नावं बदलली, नौसैनिकांचे सैनिक झाले, केली तेवढा राहिला. दोन्ही एकाच रात्री लावू नका. दुसरा पहिल्याची सगळी मजा कडू करून टाकतो. मध्ये निदान एक आठवडा जाऊ द्या.