इंग्लंडची गाडी फ्रान्स-स्वित्झर्लंडला नेताना

डोव्हरहून बोट घ्या किंवा फोकस्टनहून गाड्या वाहून नेणारी ३५ मिनिटांची शटल ट्रेन, पलीकडे फ्रान्समधल्या कॅलेला उतरलात की रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं. स्टिअरिंग मात्र उजवीकडेच असतं. म्हणजे तुम्ही रस्त्याच्या कडेला बसलेले आणि मधली रेषा शेजारच्या माणसाच्या बाजूला. नवख्या माणसाला या प्रवासात जो त्रास होतो, त्यातला निम्मा या बसण्याच्या जागेमुळे होतो. उरलेला निम्मा निघण्याआधी न बघितलेल्या बारीकसारीक गोष्टींमुळे.

कागद आधी. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा कितीही वर्षांचा असो, शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. फ्रेंच पोलीस तो डोव्हर-फोकस्टनलाच तपासतात, त्यामुळे परत पाठवलं तर बंदरावरूनच पाठवतात. ब्रिटनचं फोटोकार्ड लायसन्स फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये चालतं, वेगळं परमिट लागत नाही. भारतीय लायसन्सवर चालवणार असाल तर भारतातल्या आरटीओतून काढलेलं, एक वर्ष मुदतीचं आंतरराष्ट्रीय परमिट सोबत हवं. शिवाय विमा कंपनीला विचारा, कारण भारतीय लायसन्सवाल्याला परदेशात संरक्षण देतीलच असं नाही. गाडीचं मूळ लॉगबुक, म्हणजे व्ही-फाइव्ह-सी हा नोंदणीचा कागद, घ्या. गाडी लीजवर असेल तर लॉगबुक कंपनीकडे असतं, म्हणून त्यांच्याकडून गाडी परदेशी न्यायच्या परवानगीचं व्हीई-१०३ हे पत्र मागवा.

विम्याबाबत एक गैरसमज फार दिसतो. ब्रिटनच्या पॉलिसीत युरोपसाठी किमान थर्ड पार्टी संरक्षण असतंच आणि ग्रीन कार्डाची, म्हणजे परदेशात दाखवायच्या विम्याच्या पुराव्याची, गरज २०२१ पासून संपली. पण घरी फुल कॉम्प्रिहेन्सिव्ह असलेली पॉलिसी कॅले ओलांडल्यावर बऱ्याचदा नुसती थर्ड पार्टी उरते. मग तुमच्या गाडीचा पत्रा चेपला तर खर्च तुमचाच. फोन करून ‘पूर्ण संरक्षण किती दिवस’ हे विचारा आणि उत्तर ईमेलने मागवा.

आता गाडी. मागे ‘यूके’ अक्षरांचा स्टिकर लावा. जुना ‘जीबी’ २८ सप्टेंबर २०२१ पासून बाद आहे. टायरची नक्षी सगळीकडे किमान १.६ मिमी लागते, पण ३ मिमीच्या खाली आली असेल तर इतक्या लांब जाऊ नका, पावसात पकड जाते. चार माणसं आणि भरलेली डिक्की असेल तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यातला ‘पूर्ण भार’ हा आकडा बघून टायर थंड असताना हवा भरा. फ्रान्समधली यंत्रं बारमध्ये दाखवतात: ३२ पीएसआय म्हणजे २.२ बार, ३६ म्हणजे २.५. छतावर पेटी असेल तर शटलचं तिकीट काढण्याआधी पेटीसकट उंची मोजा, १.८५ मीटरच्या वर गेली की डबा वेगळा आणि दरही वेगळा. एलपीजीवर चालणारी गाडी शटलवर घेत नाहीत, बोटीची चौकशी करा.

हेडलाइटकडे हमखास दुर्लक्ष होतं. डावीकडून चालणाऱ्या देशातल्या दिव्याचा डिप प्रकाश डाव्या बाजूला थोडा वर चढलेला असतो, कडेचा माणूस आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. उजवीकडून चालवताना तोच वर चढलेला भाग समोरच्याच्या डोळ्यात घुसतो. साध्या दिव्यांवर लावायचे स्टिकर बोटीवर आणि गाडीच्या दुकानांत मिळतात. दिवा थंड असताना काच धुऊन, पुसून, पाकिटावरच्या आकृतीप्रमाणे लावा. अंदाजाने मध्यभागी चिकटवलात तर प्रकाश नुसताच कमी होतो. नव्या एलईडी दिव्यांना स्टिकर बहुधा लागत नाहीत, गाडीच्या मेनूत प्रवासासाठी वेगळी सेटिंग असते. पुस्तिकेत बघून घ्या.

फ्रान्समध्ये परावर्तक त्रिकोण आणि चकाकणारं जाकीट सक्तीचं आहे, नसेल तर १३५ युरो दंड. जाकीट डिक्कीत ठेवून चालत नाही, सीटवरून हात पोचेल अशा जागी हवं, कारण ते अंगात घालूनच गाडीबाहेर पडायचं असतं. प्रत्येक माणसामागे एक घ्या. गाडी मोटरवेवर बंद पडली तर त्रिकोण लावायला रस्त्यावर फिरू नका. जाकीट घालून डाव्या नव्हे, उजव्या दाराने उतरा, सगळे कठड्यापलीकडे जा आणि रस्त्याकडेच्या केशरी फोनवरून किंवा ११२ वर कळवा. फ्रान्सच्या मोटरवेवर तुमच्या ब्रेकडाउन कंपनीची गाडी येऊ शकत नाही. नेमलेला ठेकेदारच तुम्हाला बाहेर ओढून नेतो. ती पावती जपून ठेवा, तिच्यावरूनच पैसे परत मागता येतात.

चालवताना मोटरवेवर काही चुकत नाही, कारण पुढच्या-मागच्या गाड्या तुम्हाला ओढत नेतात. चुकतं ते सकाळी हॉटेलातून किंवा पेट्रोल पंपावरून रिकाम्या रस्त्यावर निघताना. हात आपोआप डावीकडे वळतो. डॅशबोर्डवर ‘उजवीकडे’ अशी चिठ्ठी लावा, लाज वाटू देऊ नका. डावा आरसा नेहमीपेक्षा थोडा बाहेर वळवून घ्या, कारण ओव्हरटेक त्याच बाजूने करायचा आहे. ट्रकच्या मागे असताना अंतर ठेवा. चिकटून राहिलात तर पुढचं काहीच दिसत नाही. शेजारचा माणूस ‘मोकळं आहे’ म्हणाला तरी स्वतः बघितल्याशिवाय निघू नका.

फ्रान्समधला कळीचा नियम म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. पिवळा चौकोन टोकावर उभा असलेली पाटी दिसली की मुख्य रस्ता तुमचा. त्याच पाटीवर काळी तिरकी रेघ असली की तो हक्क संपला. मग गावातल्या बारक्या गल्लीतून, उजवीकडून आलेली गाडीसुद्धा न थांबता तुमच्या पुढे घुसते आणि कायद्याने ती बरोबर असते. चक्रावर (राउंडअबाउटवर) बहुतेक ठिकाणी आधी आत असलेल्यांना, म्हणजे डावीकडून येणाऱ्यांना वाट द्यायची. पॅरिसच्या आर्क द ट्रिओंफच्या चक्रावर मात्र आत शिरणाऱ्याला हक्क असतो. पहिल्या प्रवासात तिथे जाऊच नका.

वेग: मोटरवेवर १३०, पावसात ११०, गावाबाहेर दुपदरी रस्त्यावर साधारण ८०, गावात ५०. तुमच्या मीटरवर ते अनुक्रमे ८१, ६८, ५० आणि ३१ मैल. लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर मोटरवेवर ११० हीच मर्यादा, आणि दारूची मर्यादा जवळजवळ शून्य. कानात हेडफोन घालून बोलणं २०१५ पासून बंद आहे, हँड्सफ्री असला तरी. कॅमेऱ्यांची जागा सांगणारं फोनमधलं अ‍ॅप बंद ठेवा, तेही बेकायदा. दहा वर्षांखालची मुलं मागे.

टोलनाक्यावर यंत्र डावीकडे असतं. शेजारी कुणी नसेल तर हिरव्या बाणाच्या लेनमध्ये थांबून उतरून जावं लागतं. पॅरिस-नॉर्मंडी ए-१३ वर तर नाकेच उरलेले नाहीत. ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरायचे, नाहीतर दंड. पंपावर ‘गाझोल’ म्हणजे डिझेल, गॅसोलीन नव्हे! पेट्रोलच्या नळीवर गोल खूण असते, ई-५ किंवा ई-१०. डिझेलवर चौकोन, बी-७. चुकीचं भरलं असेल तर इंजिन चालू करू नका, किल्लीसुद्धा फिरवू नका.

स्वित्झर्लंडमध्ये मोटरवेसाठी ४० फ्रँकचा व्हिन्येट, म्हणजे टोलचा पास, लागतो. ऑगस्ट २०२३ पासून तो नंबर प्लेटवरही ऑनलाइन मिळतो. सरकारी साइटवरूनच घ्या आणि नंबर टाकताना ओ आणि शून्य यांत गल्लत करू नका. व्हिन्येट नसला तर २०० फ्रँक दंड. दिवसाही दिवे चालू ठेवायचे. मोटरवेवर १२०. घाटात पिवळी पोस्ट बस आली तर तिला वाट, आणि अरुंद वळणावर उतरणाऱ्या गाडीने मागे घ्यायची. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालच्या गिअरमध्ये सोडा. जळका वास आला तर थांबा आणि थंड होऊ द्या. फ्रान्सच्या डोंगराळ भागात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बर्फाचे टायर किंवा साखळ्या लागतात. टायरवर डोंगर आणि हिमकणाची खूण बघा, नुसती ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) ही जुनी खूण आता चालत नाही.

डब्यात काय न्यायचं तेही सांगतो. ब्रिटनमधून युरोपीय संघात दूध आणि मांस नेता येत नाही. पनीर, तूप, श्रीखंड, पेढे घरीच ठेवा. चिवडा न्या, आणि लाडवाऐवजी शेंगदाण्याची चिक्की आणि तेलाच्या पोळ्या. तूप-दूध नसलेल्या पदार्थांना हरकत नाही. परत येताना फ्रान्सचं चीज आणू नका, एप्रिल २०२५ पासून ब्रिटननेही बंदी घातली आहे. आणि फोकस्टनला उतरलात की पहिल्याच पंपावर हेडलाइटचे स्टिकर काढा. ते तसेच राहिले तर रात्रीच्या वेळी डाव्या कडेचा सायकलवाला दिसत नाही.