समुद्रकाठच्या भाड्याच्या घरात स्वयंपाक: मासळी आणण्याआधी किचन कसं तपासावं

घराच्या जाहिरातीतल्या फोटोत संगमरवरी ओटा, रुंद इंडक्शन शेगडी आणि समुद्राकडे उघडणारी खिडकी दिसते. शेफची नजर मात्र आधी सुरीच्या धारेवर जाते, कारण महागड्या किचनमध्ये खर्च डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींवर होतो आणि घोटाळा छोट्या गोष्टींत होतो. सामान लावण्याआधी अर्धा तास काढून पुढची तपासणी उरकून घ्यावी.

१. फ्रिज आधी. रिकामा, बंद ठेवलेला फ्रिज पुरता थंड व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून पोचल्या पोचल्या तो चालू करावा. आत ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश तापमान हवं. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहावा. सहज निसटला तर तिथून थंडावा गळतोय. मासळी नुसती कप्प्यात ठेवू नये. चाळणीत बर्फ, त्यावर झाकलेली मासळी आणि चाळणीखाली परात अशी रचना करावी. वितळलेल्या पाण्यात बुडून राहिलेली मासळी चव सोडते.

२. सुऱ्या. लाकडी ठोकळ्यात डौलात उभ्या असलेल्या सुऱ्या बहुतेक वेळा बोथट निघतात. पाहुणे त्या काचेच्या फळीवर चालवतात आणि डिशवॉशरमध्ये टाकतात. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली तर धार ठीक. नसेल तर चिनी मातीचा मग पालथा घालावा. त्याच्या बुडाची चकाकी नसलेली खरखरीत कड धार लावायच्या दगडाचं काम करते. कड ओली करून पातं साधारण २० अंशांत धरावं आणि दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा हलकेच ओढावं. सुरी धुऊन पुसावी. कापायच्या फळीखाली ओलं फडकं घालावं, म्हणजे ती सरकत नाही.

३. इंडक्शन. सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला तर भांडं चालेल; निव्वळ तांबं किंवा ॲल्युमिनियम असेल तर शेगडी त्याला ओळखणारच नाही. बटणं दाद देत नसतील तर कुलुपाच्या खुणेवर बोट तीन-चार सेकंद दाबून धरावं. बटणांवर पाणी सांडलं तरी शेगडी आपोआप बंद पडते. आणखी एक: बऱ्याच शेगड्यांत एकाच बाजूच्या पुढच्या-मागच्या दोन जागा एकाच जोडणीतली वीज वाटून घेतात. एकीवर पाणी उकळायला बूस्ट (थोड्या वेळासाठीची कमाल आच) लावलं की दुसरीवरचा तवा मंदावतो आणि मासा खरपूस होण्याऐवजी पाणी सोडत बसतो. म्हणून पातेलं डाव्या बाजूला आणि तवा उजव्या बाजूला ठेवावा. रिकामा तवा बूस्टवर तापवू नये, पातळ बूड काही सेकंदांत वाकतं. ९ पैकी ६-७ वर दोन-तीन मिनिटं पुरतात. मासा कागदाने टिपून कोरडा करावा, मगच तेलात सोडावा.

४. ओव्हन. आकडा १८० दिसला तरी आत दहा-वीस अंश इकडेतिकडे असू शकतं. छोटा ओव्हन थर्मामीटर सोबत नेणं उत्तम. पंखा चालू असेल तर पाककृतीतलं तापमान २० अंशांनी उतरवावं.

५. ओटा. संगमरवरावर लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं की आम्ल दगड खातं. पुसलं तरी निस्तेज डाग राहतो, आणि तो अनामत रकमेतून वळता होतो. क्वार्ट्झच्या कृत्रिम दगडाला आम्ल सोसतं, पण त्यात राळ असल्यामुळे तापलेलं भांडं सोसत नाही. दगड कोणता हे ओळखू येत नसेल तर दोन्ही नियम पाळावेत.

६. खारी हवा. मीठ दमट हवेत गोळा होतं, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावं. बिडाचा तवा धुतल्यावर आचेवर कोरडा करून तेलाचं बोट फिरवावं, नाहीतर रात्रीत तांबेरा चढतो. चिमणीची वाफ पाइपातून बाहेर जाते की गाळून परत खोलीतच येते, ते पाहून घ्यावं. परत येत असेल तर मासे तळताना खिडकी उघडी हवीच. डिशवॉशरमध्ये बीड, लाकूड आणि सुऱ्या घालू नयेत.

७. उरलंसुरलं. काटे आणि साली पिशवीत बांधून कचरा उचलायच्या दिवसापर्यंत फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, वास येत नाही. पिशवीवर ‘कचरा’ असं ठळक लिहावं, नाहीतर कुणीतरी तिचा रस्सा करायला घेईल.