कंपनीचा नोटीस बोर्ड: नव्याने एचआरमध्ये आलेल्यांसाठी

एचआर किंवा टाइम ऑफिसला (हजेरी बघणाऱ्या विभागाला) नवीन लागलेल्याच्या गळ्यात पहिल्याच आठवड्यात एक काम पडतं: "तो बोर्ड जरा अपडेट करून घे." मग स्टेशनरीवाल्याकडून लेबर लॉ चार्टचा तयार संच येतो, लॅमिनेट होतो आणि गेटजवळ ठोकला जातो. महाराष्ट्रातल्या बहुतेक कारखान्यांत बोर्ड एवढ्यावरच थांबलेला दिसतो. छापील मजकूर सगळ्यांकडे सारखाच असतो. चुका सापडतात त्या हाताने भरायच्या जागांत. म्हणून खरेदीच्या आधी बोर्डाचे फोटो काढा आणि प्रत्येक कागदावर तीनच गोष्टी शोधा: नाव, तारीख, रक्कम. यांतलं जे जे शिळं असेल त्यावर लाल खूण करा.

सुरुवात वेतनाच्या नोटिशीपासून. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रमसंहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे) लागू झाल्या आणि किमान वेतन कायदा, वेतन प्रदान कायदा, बोनस कायदा हे सगळे वेतन संहिता 2019 मध्ये आले. तिच्या कलम 50 प्रमाणे बोर्डावर संहितेचा गोषवारा, वर्गवारीनुसार वेतनाचे दर, वेतनाचा कालावधी, पगाराचा दिवस व वेळ आणि आपल्या भागातल्या निरीक्षक-तथा-सुविधाकाराचं (म्हणजे पूर्वीच्या लेबर इन्स्पेक्टरचं) नाव-पत्ता लागतो. यात सगळ्यात लवकर शिळे होतात ते दर. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता (महागाईप्रमाणे बदलणारी रक्कम) दर सहा महिन्यांनी, 1 जानेवारी आणि 1 जुलैपासून बदलतो. कामगार आयुक्त कार्यालयाच्या पत्रकातून आपला उद्योग आणि आपलं परिमंडळ (दरांसाठी ठरवलेला भाग) बघून अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा तिन्ही ओळी नव्याने लिहायच्या. मूळ दर आणि भत्ता वेगळे दाखवायचे. नुसतं "नियमाप्रमाणे" लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

पगाराच्या तारखेकडे नीट बघा. जुन्या कायद्यात हजार किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला 10 तारखेपर्यंत मुभा होती. आता मासिक पगार सगळ्यांना पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा आहे. बोर्डावर अजून 10 असेल, तर तो आपल्याच हाताने लिहून दिलेला कबुलीजबाब आहे.

"जुन्या कायद्यांचे चार्ट काढून टाकू का?" हा प्रश्न हमखास येतो. घाई करू नका. संक्रमणाच्या काळात जुने नियम आणि नमुने (ठरावीक फॉर्म), नव्या संहितेशी विसंगत नसतील तिथवर, चालू ठेवलेले आहेत. वेतन संहितेत काय लावायचं हे कलमातच लिहिलंय, तेव्हा ती नोटीस आजच लावा. बाकी नमुने राज्याचे नियम पाहून बदला. आणि सगळेच कायदे संहितांत गेलेले नाहीत. 1986 चा बालकामगार कायदा तसाच उभा आहे. 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला आणि 14 ते 18 मधल्याला धोक्याच्या कामावर ठेवायला असलेली मनाई, तिची शिक्षा (सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20 हजार ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही) सांगणारी नोटीस स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत लागतेच. तयार संचातून नेमका हाच कागद बरेचदा गायब असतो.

पाळ्यांची नोटीस ही कारखान्याची खरी दुखरी जागा. कोणत्या गटाची पाळी किती वाजता सुरू, जेवणाची सुट्टी कधी, पाळी संपते कधी, हे बोर्डावर एक आणि प्रत्यक्षात दुसरंच असतं, कारण बदल सुपरवायझरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतो आणि कागद जागचा हलत नाही. नोटिशीत पहिली पाळी 3:30 ला संपते आणि मशीनमध्ये कुणाचं बोट अडकलं 5:10 ला, तर तो माणूस तिथे कशासाठी होता, हा पहिला प्रश्न येतो. ओव्हरटाइमच्या रजिस्टरमध्ये नोंद नसेल तर पुढचे प्रश्न त्याहून अवघड. तेव्हा बोर्ड, मस्टर (हजेरीपट) आणि पंचिंग मशीनमधल्या वेळा दर महिन्याला एकमेकांशी ताडून बघा.

लैंगिक छळ प्रतिबंधाच्या 2013 च्या कायद्याखाली कलम 19 प्रमाणे दोन गोष्टी लावायच्या असतात: छळाचे दंडात्मक परिणाम आणि अंतर्गत समिती (अशा तक्रारींची चौकशी करणारी) नेमल्याचा आदेश. गुळगुळीत पोस्टर असतं, आदेश नसतो, ही नेहमीची त्रुटी. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे समिती हवीच: अध्यक्ष म्हणून वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी, किमान दोन कर्मचारी सदस्य, एक बाहेरचा सदस्य, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणून आदेशावरची तारीख आधी बघा, मग नावं. नोकरी सोडून दोन वर्षं झालेल्या मॅडमचा नंबर बोर्डावर असणं हे इतकं सर्रास दिसतं की आता त्याचं आश्चर्यही वाटत नाही. मुख्य कार्यालयाचा आदेश झेरॉक्स करून शाखेत लावलेलाही चालत नाही. प्रत्येक कार्यालयाची समिती वेगळी. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची आणि समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, हे त्याच कागदावर साध्या मराठीत लिहा. सक्ती नसली तरी वाचणारीला तेच हवं असतं. सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात 12 मे 2023 रोजी सदस्यांची नावं आणि संपर्क वेबसाइटवरही अद्ययावत ठेवायला सांगितलं. समिती नसेल तर दंड 50 हजारांपर्यंत, दुसऱ्यांदा दुप्पट.

धूम्रपानबंदीची पाटी किरकोळ वाटते, पण तिचं माप ठरलेलं आहे: पांढरी पार्श्वभूमी, किमान 60 सेंमी बाय 30 सेंमी, त्यात किमान 15 सेंमी व्यासाचं वर्तुळ, त्याची लाल कड किमान 3 सेंमी रुंद. प्रवेशद्वार, प्रत्येक मजला, जिना, लिफ्टचं दार, अशा सगळ्या ठिकाणी ती लागते, आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नावही. ए-4 कागदावरची प्रिंट मापातच नापास होते.

रस्त्यावरच्या नामफलकाचं काम बहुतेक वेळा तुमच्याकडेच येतं. मार्च 2022 पासून राज्यातल्या दुकानं-आस्थापनांना, कामगार कितीही असोत, फलकावर देवनागरी मराठी आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहावी लागते. मद्य विकणाऱ्या किंवा देणाऱ्या ठिकाणाला महापुरुषांचं वा गडकिल्ल्याचं नाव देता येत नाही.

आता भाषा. कारखान्याच्या नोटिशा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लागतात. चाकणला निम्म्याहून जास्त हात उत्तर प्रदेश-बिहारचे असतील तर हिंदी प्रत लावलीच पाहिजे. मोजताना कंत्राटी माणसंही धरा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा कचरा होतो, आणि तो तसाच छापून लावलेला बोर्डही दिसतो.

जागा गेटजवळ, पंचिंग मशीनच्या रांगेत, डोळ्यांच्या उंचीवर. एमडींच्या केबिनबाहेर नको. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट पडली की वाचता येत नाही, मॅट घ्या. पश्चिमेच्या भिंतीवर शाई एका उन्हाळ्यात उडते आणि पावसाळ्यात काचपेटीत बुरशी धरते. कागद स्वच्छ आणि वाचनीय ठेवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे. दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला दर बदलले की पूर्ण बोर्डाचा तारखेसह फोटो फाइलला लावा. काचपेटीची दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवा, कारण निरीक्षक येतो त्या दिवशी सिक्युरिटीवाला सुट्टीवर असतो.