स्मार्ट कार्यालयाचे नियोजन करताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यात असो की लातूर-नांदेडमध्ये, नवे कार्यालय बांधताना दिवे, एसी, दारे आपोआप चालवणाऱ्या स्मार्ट यंत्रणेची आठवण बहुधा रंगकाम सुरू झाल्यावर होते. सेन्सर, त्यांच्या संकेतांवरून उपकरणे चालू-बंद करणारा कंट्रोलर आणि नेटवर्क केबल यांच्या जागा विद्युत आराखड्यावर आधीच ठरल्या नसतील, तर नंतर प्लास्टर फोडावे लागते.

सर्वाधिक तक्रारी सेन्सरच्या असतात. हालचालीवर दिवे लावणारा पीआयआर सेन्सर शरीर आणि भोवताल यांच्या तापमानातील फरक ओळखतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा एसी नसलेल्या जिन्यात वा पार्किंगमध्ये हा फरक जेमतेम उरतो आणि माणूस समोरून गेला तरी दिवा लागत नाही. सेन्सर बदलूनही दोष कायम राहतो, कारण चूक निवडीची असते. अशा जागी तापमानाऐवजी सूक्ष्मलहरींनी हालचाल टिपणारा मायक्रोवेव्ह सेन्सर बरा. मात्र पातळ पार्टिशनपलीकडची हालचालही तो टिपत असल्याने त्याची संवेदनशीलता जागेवरच जुळवून घ्यावी. पश्चिमेच्या भिंतीवर थर्मोस्टॅट बसवणे हीदेखील नेहमीचीच चूक आहे: भिंत तापली की खोली थंड असूनही एसी चालूच राहतो.

दुसरी चूक विजेची. कंट्रोलर यूपीएसवर नसेल, तर वीज गेल्यापासून जनरेटर सुरू होईपर्यंत तो बंद राहतो; आणि सगळे एसी एकदम सुरू झाले, तर जनरेटरच ट्रिप होतो. भार टप्प्याटप्प्याने जोडण्याचा क्रम आधीच लिहून ठेवावा.

निविदेत ‘स्मार्ट सिस्टीम, १ नग’ एवढीच ओळ लिहिणाऱ्याने पुढे एकाच पुरवठादाराच्या दारात उभे राहण्याची तयारी ठेवावी. बॅकनेट, मॉडबस यांसारखे खुले प्रोटोकॉल (वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकमेकांशी बोलता यावे यासाठीची सामाईक भाषा), यंत्रणेला जोडलेल्या प्रत्येक बिंदूची, म्हणजे सेन्सर वा उपकरणाच्या जोडणीची यादी आणि सर्व पासवर्डचे हस्तांतरण या अटी करारातच हव्यात.

पाण्याचे मीटर तर बहुतेक आराखड्यांत नसतातच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशातील ही उणीव आश्चर्याची आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात पातळी दाखवणारे तरंगते फ्लोट अडकतात, म्हणून टाकीवर पाण्याला न टेकता ध्वनिलहरींनी पातळी मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर बसवावा.

ताबा घेण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद करून आणि फायर अलार्म वाजवून पाहावा. कार्डाने उघडणारे बाहेर पडण्याचे प्रत्येक दार त्या दोन्ही वेळी आपोआप मोकळे झाले नाही, तर ताबा स्वीकारू नये.