सध्या काय ऐकताय, ते असं सांगा की समोरचा ऐकेल

माझ्या रोजच्या माणसांत “सध्या काय ऐकतेस?” असं मनापासून विचारणारे तिघं आहेत. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो जॅझ आणि रॉकमध्ये बुडालेला असतो. वरच्या मजल्यावरच्या काकांचं एक अख्खं कपाट एलपींनी, म्हणजे मोठ्या तबकड्यांनी, भरलंय. आणि मावशी अभंग-भावगीतं सोडून फारशी कुठे जात नाही, पण त्यातलं तिला जे ऐकू येतं ते आम्हा कुणालाच येत नाही. या तिघांना उत्तरं देता देता माझी एक पद्धत बसत गेली. नुसतं नाव सांगितलं की समोरचा “हो, ऐकतो हं” म्हणतो आणि विसरतो. त्याने खरोखर बसून ऐकावं असं वाटत असेल तर थोडी मेहनत सांगणाऱ्याने करायची असते.

पहिली गोष्ट, एकच अल्बम सांगा. सध्या जो चालू आहे तो. आयुष्यभराच्या आवडत्या अल्बमांची यादी हा वेगळा विषय आहे, तो गप्पांच्या रात्रीसाठी ठेवा. एकदम पाच नावं ऐकलेला माणूस एकही लावत नाही.

सांगण्याआधी तो अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आहे त्या क्रमाने, निदान दोनदा ऐका. क्रमावर मी अडून बसते आणि त्याला कारण आहे. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकांनी तेवढ्यात रागाचं पूर्ण चित्र उभं केलं, हे थोरच. 1948 साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने 33⅓ फेऱ्यांची एलपी आणली आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मिळू लागली. आता विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाला श्वास घ्यायला जागा झाली. आणि पहिल्या बाजूला काय, दुसरीला काय, शेवटी काय, हा विचार करून अल्बम बांधले जाऊ लागले. तो विचार मोडून ऐकलं तर अर्धा अल्बम हातातून जातो.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या. 1967 साल, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, अशी त्याची कल्पना आहे. सुरुवात अहीर भैरव-नटभैरव या रागांनी, म्हणजे पहाटेने. मग पिलू, भूप, देस करत पहाडीवर येऊन थांबायचं. मोबाइलवर शफल, म्हणजे क्रम मोडून कुठलाही तुकडा कधीही लावणारी सोय, चालू असेल तर देसची रात्र आधी येते आणि पहाट मागाहून. सूर तेच असतात, पण दिवस उलटापालटा होतो. म्हणून कुणाला हा अल्बम सांगितला की “शफल बंद कर” हे मी त्याच दमात सांगते.

ॲपमध्ये आणखी दोन गोष्टी बघून घ्या. एक क्रॉसफेड. त्याने एका तुकड्याची शेपटी पुढच्याच्या डोक्यावर चढते. तो शून्यावर ठेवा. दुसरी गॅपलेस, म्हणजे दोन तुकड्यांमध्ये खंड न पाडणारी सोय, ती चालू हवी. भाच्याने मला पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा 1973चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ऐकायला लावला, त्यात गाणी एकमेकांत विरघळत जातात. मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता आली तरी ठेच लागल्यासारखं होतं. अल्बम संपल्यावर ॲप आपणहून दुसरंच काहीतरी सुरू करतं, तेही बंद करा. शेवटच्या सुरानंतरची शांतता आपली आपल्याला मिळायला हवी.

आता सांगायचं काय, तर आधी हिशेबाच्या गोष्टी. कुणी गायलंय, चाल कुणाची, साथीला कोण, साल कोणतं. साथीदारांची नावं घ्यायचीच, याबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. एलपीच्या पाठीवर तबला, हार्मोनियम, कधीकधी तानपुऱ्यावर कोण तेही छापलेलं असतं. स्ट्रीमिंगवर बहुतेकदा फक्त मुख्य गायकाचं नाव उरतं. काकांच्या कपाटातलं कव्हर उलटून मी ती नावं उतरवून घेते आणि अल्बम सांगताना सोबत देते. सालाचं तसंच. ॲपवर दिसणारं साल पुष्कळदा पुन्हा प्रसिद्ध झाल्याचं असतं, मूळ ध्वनिमुद्रणाचं नसतं. साठच्या दशकातली गायकी नव्वदीतली समजून ऐकली तर आवाजाचं वय, यंत्रांची कुवत, सगळ्याचाच अंदाज चुकतो.

कोणती आवृत्ती ऐकली हेही सांगा. जॅझमधल्या ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ 1959 साली न्यूयॉर्कमध्ये, एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या कोलंबियाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. पहिल्या दिवशी टेपचं एक यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे त्या टेपवरून निघालेल्या रेकॉर्डची पहिली बाजू किंचित जलद आणि सुराला थोडी चढी वाजायची. 1990च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांमध्ये ते दुरुस्त झालं. एकाने जुनी प्रत ऐकली, दुसऱ्याने नवी, आणि दोघं बसले सुरावर वाद घालत, तर दोघांचंही बरोबरच असणार!

यानंतरचं काम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. समोरच्याला आत शिरायला एक दार दाखवा. “अप्रतिम आहे”, “वेगळाच अनुभव आहे” यातून दार सापडत नाही. नेमकी एक जागा सांगा, शक्य तर मिनिट-सेकंदासह, आणि तिथे काय ऐकायचं तेही. भाच्याने मला ‘काइंड ऑफ ब्लू’ दिला तेव्हा म्हणाला, “आत्या, बाकी सगळ्या तुकड्यांत पियानोवर बिल एव्हान्स आहे, फक्त ‘फ्रेडी फ्रीलोडर’मध्ये विंटन केली. पहिला सोलो त्याचाच आहे. तो ऐक आणि लगेच पुढचा तुकडा लाव.” तेवढ्या एका वाक्याने मला दोन पियानोवादकांच्या बोटांतला फरक कळला. एक झुलवत नेतो, दुसरा एकेक सूर पाण्यात सोडल्यासारखा सोडतो. जॅझचं एकही पुस्तक न वाचता मी त्या अल्बमच्या आत होते.

किशोरीताईंच्या (किशोरी आमोणकर) ज्या एलपीवर एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री हे राग आहेत, ती सांगताना मी हेच करते. ‘सहेला रे’ बहुतेकांना ठाऊक असतं, कित्येकांना तोंडपाठ असतं. म्हणून मी म्हणते, आज त्याच्या आधीचं विलंबित ‘प्रथम सुर साधे’ ऐका. तिथे भूपातला गंधार, म्हणजे ‘ग’, कसा घेतलाय, त्यावर किती वेळ थांबल्यात, मग पंचमाकडे, म्हणजे ‘प’कडे, कशा निघाल्यात, एवढंच बघा. द्रुत, म्हणजे जलद लयीतलं ‘सहेला रे’, आपोआप येईल, आणि आलं की ते गाणं आधी ऐकलं होतं तसं राहणार नाही.

शब्दांतूनही दार उघडतं. मावशी लतादीदींचा ‘अभंग तुकयाचे’ कुणाला सांगते तेव्हा संगीतकार खळेकाकांच्या (श्रीनिवास खळे) चालींचं व्याकरण काढत नाही. ती म्हणते, “‘कन्या सासुरासी जाये, मागे परतोनी पाहे’, त्यात ‘मागे’वर कान ठेव.” बस्स. लग्न झालेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. माझी एक सहकारी शास्त्रीय संगीताच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती, मावशीच्या या एका वाक्यावर तिने अख्खा अल्बम ऐकला.

कधी कधी एक अल्बम एकटा द्यायचा नसतो, त्याचा शेजारीही द्यावा लागतो. कुमारजींचं (कुमार गंधर्व) ‘मला उमजलेले बालगंधर्व’ तसं आहे, त्यात ते नाट्यगायक बालगंधर्वांची पदं गातात. बालगंधर्व कानावरून गेलेच नसतील तर कुमारजींना काय उमजलं ते कळणार कसं? म्हणून दोघांनी गायलेलं एखादं पद निवडा, आधी बालगंधर्वांची जुनी तबकडी ऐकवा, खरखरीसकट, आणि मग कुमारजी. एवढ्या तयारीला दहा मिनिटं पुरतात.

तुम्ही कशावर आणि कधी ऐकलं, तेही सांगून टाका. मी ठाण्याहून लोकलने जाते. गाडीच्या आवाजात तानपुरा पूर्ण बुडतो, खर्जातली, म्हणजे खालच्या सुरांतली, आलापी बुडते, उरतात फक्त ताना. म्हणून गाडीत मी ठेक्याचं, भरलेल्या वाद्यमेळाचं संगीत ऐकते आणि ख्याल घरी, रात्री, स्पीकरवर. लोकलमध्ये ऐकून “आलाप कंटाळवाणा वाटला” असं कुणी म्हणालं तर दोष आलापाचा नाही. रागाची वेळ पाळलीच पाहिजे असा माझा हट्ट नसतो. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी अहीर भैरव सकाळीच ऐकायला सांगते, कारण तेव्हा तो सोपा जातो.

उत्तर देण्याचीही एक रीत आहे. कुणी अल्बम सांगितला आणि तुम्ही “ऐकते” म्हणालात, तर ऐकाच, आणि कुठपर्यंत पोचलात ते कळवा. आवडला नाही तर तसं सांगा, पण जागा दाखवून. “दुसऱ्या बाजूला व्हायोलिनचा भरणा झाला तिथे माझं लक्ष उडालं”, यावर बोलता येतं. “आपल्याला नाही झेपत” म्हटलं की बोलणं तिथेच मिटतं.

एखाद्या रविवारी एकत्र बसून ऐका. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी 1990 पासून जुन्या तबकड्या जमवताहेत आणि एकत्र बसून ऐकताहेत. घरात तीन-चार माणसं असली तरी तेच करता येतं. एक अल्बम, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. एक बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, दादसुद्धा हलकीच. बाजू उलटताना चहा आणि काय बोलायचं ते बोलणं. मोबाइलवरून लावलंत तरी मूळ एलपीची बाजू जिथे संपते तिथे थांबा. थांबायची जागा करणाऱ्यांनीच ठरवून दिलेली असते.

एक वही ठेवा. तारीख, अल्बम, कुणी सांगितला, कोणती जागा दाखवली, आपल्याला काय ऐकू आलं. दोन ओळी पुरे. वर्षाने तोच अल्बम पुन्हा लावलात की त्या ओळी काढून बघा, बहुतेक वेळा तिसरी ओळ लिहावीशी वाटते.

आणि कुणाची रेकॉर्ड घरी आणलीत तर ती कडांना आणि मधल्या लेबलला धरूनच काढायची, खाचांना बोट लावायचं नाही. सुईवरची धूळ आधी मऊ ब्रशने मागून पुढे काढायची. रेकॉर्ड उभी ठेवायची, एकीवर एक रचायची नाही. परत देताना आतल्या कागदी पिशवीचं तोंड वर करून कव्हरमध्ये घालायची, म्हणजे बाहेर काढताना ती घसरून पडत नाही. काका ते न बोलता बघतात, आणि मगच पुढची रेकॉर्ड काढतात.